आधी पुरावा, मग व्याख्या

पोरी, आठवी-नववीचं विज्ञान तुझ्याकडे आलं हे ऐकून बरं वाटलं. लवकरच ‘द्रव्याचे संघटन’ हा धडा येईल. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. वरवर पाहता सोपा धडा. मुलं तीन व्याख्या घोकतात, फरकाचा तक्ता पाठ करतात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि दोन वर्षांनी ‘पितळ हे तांबे व जस्त यांचे संयुग आहे’ असं बिनदिक्कत लिहून येतात. त्यांचं पाठांतर कच्चं नसतं. पदार्थ समोर ठेवून ‘हा कोण, आणि कशावरून?’ असं त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. या धड्याचा सगळा जीव त्या ‘कशावरून’मध्ये आहे. त्यासाठी वर्गात जे उपयोगी पडतं ते खाली लिहून देतो. नव्या नवलाईत सगळं एकदम करायला जाऊ नकोस. पटेल ते, जमेल तसं घे.

१. दोन प्रश्न आणि एक उलटतपासणी

समोर कोणताही पदार्थ येवो, मुलांना दोन प्रश्न विचारायला लाव. पहिला: नवा पदार्थ तयार न होऊ देता याचे घटक वेगळे करता येतात का? म्हणजे चुंबक फिरवून, गाळून, निवळून, उकळून आणि वाफ थंड करून. येत असतील तर ते मिश्रण. येत नसतील तर दुसरा प्रश्न: वीज देऊन, खूप तापवून किंवा दुसऱ्या पदार्थाशी रासायनिक क्रिया घडवून यातून आणखी साधे पदार्थ निघतात का? निघत असतील तर संयुग. काही केल्या निघत नसतील तर मूलद्रव्य.

समुद्राच्या पाण्यावर हे चालवून दाखव. एक लिटर पाणी आटवलं की साधारण ३५ ग्रॅम क्षार तळाशी उरतात आणि वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं. नवीन काही बनलं नाही, म्हणून मिश्रण. आता ते गोडं पाणी घे. ते कितीही उकळा, गाळा, गोठवा, पाणीच राहतं. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम निकल्सन आणि अँथनी कार्लाईल यांनी पाण्यातून वीज सोडली तेव्हा एका तारेशी हायड्रोजन निघाला आणि दुसरीशी ऑक्सिजन. म्हणून पाणी संयुग. त्या हायड्रोजनमधून मात्र रसायनशास्त्राच्या कोणत्याही युक्तीने आणखी साधं काही निघत नाही. तो मूलद्रव्य. एका घागरभर पाण्यात तिन्ही प्रकार दाखवून होतात.

वीज सोडण्याचा प्रयोग नऊ व्होल्टच्या बॅटरीवर वर्गात होतो. फक्त पाण्यात मीठ टाकू नकोस. मुलं घरी हटकून मीठ टाकतात, मग क्लोरीन निघतो, उग्र वास येतो आणि ‘पाणी फुटलं’ हा पुरावा गढूळ होतो. वीज वाहण्यासाठी चिमूटभर धुण्याचा सोडा पुरे. कांड्या पेन्सिलीच्या शिशाच्या वापरल्यास तर ऑक्सिजन थोडा कमी भरेल, कारण त्यातला काही त्या कांडीतल्या कार्बनशीच संयोग पावतो. म्हणून दोनास एक हे प्रमाण तंतोतंत दिसलं नाही तर मुलांना कारण सांग. आकडे जुळवून लिहायला मात्र लावू नकोस.

उलटतपासणी प्रमाणाची. विहिरीचं, पावसाचं, कोणत्याही देशातलं पाणी शुद्ध करून तपासलं तर वजनाने एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन निघतो. जोसेफ प्रूस्त या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये काम करताना हेच तांब्याच्या कार्बोनेटबाबत दाखवलं: खाणीतलं असो की प्रयोगशाळेत बनवलेलं, घटकांचं प्रमाण तेच. संयुगाचं प्रमाण ठरलेलं. मिश्रणाचं प्रमाण आपण ठरवू तसं.

२. भाव कशावर ठरतो ते बघायला सांग

ही युक्ती खेड्यातल्या मुलांना एका फटक्यात कळते. डेअरीवर दूध घातलं की फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) लागतं, आणि त्यावर दर. गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ हे आकडे मुलांना घरातूनच पाठ असतात. एकाच गोठ्यातल्या दोन गाईंचं फॅट वेगळं लागतं, एकाच गाईचं सकाळ-संध्याकाळ वेगळं लागतं. प्रमाण बदलतं, तरी ते दूधच. म्हणजे दूध मिश्रण. सराफाकडे २२ कॅरटच्या दागिन्यावर ९१६ आणि १८ कॅरटच्या दागिन्यावर ७५० असा शिक्का असतो, म्हणजे हजार भागांत तेवढं सोनं, बाकी तांबं-चांदी. दागिन्याचं सोनं मिश्रण. उसाला दर साखरेच्या उताऱ्यावर. उसाचा रस मिश्रण.

पण इथेच एक खोच आहे आणि ती सोडू नकोस. युरियाच्या गोणीवर नायट्रोजन ४६ टक्के लिहिलेलं असतं. मग युरिया मिश्रण का? कुणीतरी विचारेलच. विचारलं नाही तर तूच विचार. मुलांना आणखी दोन गोण्या आठवायला सांग. दुसऱ्या खताच्या गोणीवर १०:२६:२६ असतं, तिसऱ्यावर १९:१९:१९. कारखानदाराला हवं तसं ते बदलता येतं. युरियाचे ४६ टक्के मात्र कोणत्याही कंपनीच्या, कोणत्याही देशाच्या गोणीवर ४६च. युरियाच्या ६० भाग वजनात नायट्रोजन २८ भाग असतो, भागाकार केला की ४६.६७ येतात. हे प्रमाण युरियाच्या रेणूने ठरवलेलं आहे, कारखान्याने ठरवलेलं नाही. ४५ किलोच्या गोणीत साधारण पावणेएकवीस किलो नायट्रोजन जातो हा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घे. शेतकऱ्याच्या पोरांना तो आयुष्यभर उपयोगी पडेल.

तेव्हा नियम असा सांग: टक्के लिहिलेत एवढ्यावर जायचं नाही, ते टक्के बदलू शकतात का ते बघायचं.

३. नावावर भुलायचं नाही, रूपावर तर नाहीच

द्राक्षबागेत आणि कोकणातल्या सुपारीच्या बागेत बोर्डो मिश्रण फवारतात. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये द्राक्षावरच्या केवडा रोगासाठी ते पुढे आणलं. एक टक्क्याच्या बोर्डोला एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. नाव मिश्रण आहे, पण मोरचुदाचं पाणी चुन्याच्या निवळीला मिळालं की रासायनिक क्रिया होते आणि आकाशी रंगाचा साका तयार होतो. तो साका काही मोरचूद नव्हे, चुनाही नव्हे. जुने बागायतदार त्यात चकचकीत लोखंडी पातं बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचुदातलं तांबं अजून मोकळं आहे, चुना आणखी लागेल. थर चढला नाही तर फवारायला हरकत नाही. ही तपासणी वर्गात लहान प्रमाणात करता येते, फक्त भांडी प्लॅस्टिकची किंवा काचेची घे, लोखंडाची नको. आणि मुलांना हात धुवायला लाव, मोरचूद विषारी असतो.

रूपाचं तसंच. दूध एकजीव दिसतं, पण साय येते, दही विरजतं, यंत्रात फिरवलं की मलई बाजूला होते. स्टेनलेस स्टीलचा डबा कुठूनही कापला तरी सारखाच दिसतो, पण त्यात लोखंडाबरोबर किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, बहुतेकदा निकेलही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, कासं म्हणजे तांबं आणि कथील. हे सगळे मिश्रधातू म्हणजे समांगी मिश्रणं. सिलिंडरमधला गॅस प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण, वर गळती कळावी म्हणून घातलेला वास. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, एक टक्क्याच्या आसपास आरगॉन. डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही. दिसलं म्हणून मिश्रण आणि एकसारखं म्हणून संयुग, ही सवय पहिल्याच तासाला मोडून काढ.

यासाठी स्वस्तातला स्वस्त प्रयोग सांगतो. स्वच्छ काचपट्टीवर बोअरच्या पाण्याचा एक थेंब, पावसाच्या पाण्याचा एक आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या पाण्याचा एक, असे तीन थेंब ठेव आणि उन्हात वाळू दे. तिन्ही थेंब दिसायला सारखेच होते. वाळल्यावर बोअरच्या थेंबाच्या जागी पांढरं कडं उमटतं, बॅटरीच्या पाण्याच्या जागी जवळपास काहीच नाही. वर्गातल्या प्रत्येकाने ते बोट लावून बघितलं पाहिजे.

४. लोहकीस आणि गंधक हा प्रयोग चुकवू नकोस

सगळा धडा एका परीक्षानळीत मावतो तो इथे. फक्त नीट तयारी कर. लोहकीस लेथवरून आणला असेल तर तो तेलकट असतो. साबणाच्या पाण्याने धू, वाळव, मगच वापर. नाहीतर धूर होतो आणि प्रयोग फसतो. वजनं काट्यावर करून घे: सात ग्रॅम लोहकीस, चार ग्रॅम गंधकाची पूड. हे प्रमाण मनचं नाही. लोखंडाचा अणुभार ५६, गंधकाचा ३२, त्याला आठाने भागलं की सात आणि चार. कीस जास्त झाला तर प्रयोगानंतरही चुंबक थोडाफार ओढतो आणि मुलं म्हणतात, ‘सर, काहीच झालं नाही.’

आधी नुसतं मिसळलेलं दाखव. भिंगाखाली पिवळे कण वेगळे, काळे कण वेगळे. चुंबक कागदात गुंडाळून फिरव म्हणजे कीस सोडवायला त्रास होत नाही. कीस चुंबकाला, गंधक खाली. हवं तेवढं प्रमाण घेता येतं हेही दाखव.

मग नळीत थोडंच मिश्रण घेऊन खालून ताप दे. लालसर निखारा दिसू लागला की दिवा बाजूला घे. दिवा काढल्यावरही निखारा आपोआप वर सरकत जातो, कारण क्रियेतूनच उष्णता बाहेर पडते आहे. हा क्षण मुलांना डोळे भरून पाहू दे आणि विचार, ‘मिसळताना असं काही झालं होतं का?’ थंड झाल्यावर निघतो तो काळसर गोळा, आयर्न सल्फाइड. त्यात पिवळं काही दिसत नाही, भिंगाखालीही नाही. चुंबक त्याला कीस ओढावा तसा ओढत नाही.

दोन सावधगिऱ्या. खिडक्या उघड्या ठेव, कारण थोडा गंधक जळून घुसमटवणारा वायू होतो. आणि पुस्तकात आम्ल घालून वास बघायची पायरी असेल तर ती वर्गात करू नकोस. नुसत्या मिश्रणावर विरल आम्ल घातलं तर हायड्रोजन निघतो, पण आयर्न सल्फाइडवर घातलं तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड, आणि तो विषारी. हे तोंडी सांगितलं तरी पुरेसं आहे.

५. आकडा बघू नको, स्थिरपणा बघ

पुस्तकात लिहिलेलं असतं, शुद्ध पाणी १०० अंशाला उकळतं. पुण्यात तापमापी लावली तर ९८च्या आसपास काटा थांबतो, महाबळेश्वरला ९५-९६च्या घरात. हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनबिंदू कमी. मुलं लगेच म्हणतात पाणी अशुद्ध आहे. त्यांना सांग, काटा कुठे थांबला यापेक्षा काटा थांबला की नाही ते बघा. बॅटरीचं पाणी उकळत ठेव आणि दर मिनिटाला तापमान लिहून घे: उकळी फुटल्यावर तापमान एका जागी ठाम राहतं. मग मिठाचं घट्ट पाणी घे. ते जास्त तापमानाला उकळू लागतं आणि पाणी आटत जाईल तसा काटा वर वर सरकत राहतो. आलेख काढायला लाव: एक सपाट रेघ, एक चढती रेघ. शुद्ध पदार्थ आणि मिश्रण यांतला फरक मुलांनी स्वतःच्या हाताने काढलेला असेल.

हुशार मुलांसाठी याच्या पुढची पायरीही जवळ ठेव. रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये वजनाने साधारण ९५.६ टक्के इथेनॉल आणि बाकी पाणी असतं. म्हणजे ते मिश्रण. तरी ते ७८.२ अंशाला ठामपणे उकळतं, शुद्ध पदार्थासारखं. कितीही वेळा ऊर्ध्वपातन केलं तरी शेवटचं पाणी निघत नाही. साखर कारखान्यांना पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल कोरडं लागतं, म्हणून ते पाणी शोषून घेणाऱ्या विशेष चाळणीतून जाऊ देतात. यातून मुलांनी एवढंच घ्यावं की एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही. दोन साक्षी जुळल्या तर लिहायचं.

मोरचूद तर उलट्या बाजूने फसवतो. निळे खडे परीक्षानळीत हलके तापवले की नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि खडे पांढरे पडतात. पाणी सहज निघालं म्हणून मुलं म्हणतात मिश्रण. वजन करायला लाव. शंभर ग्रॅम मोरचुदातून दरवेळी ३६ ग्रॅमच पाणी निघतं, कारण ते स्फटिकात ठरलेल्या संख्येने बांधलेलं आहे. प्रमाण पक्कं, म्हणून संयुग. तापवताना नळी तोंडाकडे किंचित खाली कललेली धर. पाणी उलट गरम काचेवर आलं तर नळी तडकते.

६. वेगळं करण्याचा क्रम मुलांना ठरवू दे

वाळू, मीठ, लोहकीस आणि कापूर एकत्र करून गटागटाला दे आणि फळ्यावर काहीच लिहू नकोस. प्रत्येक घटकाचा कोणता गुण बाकीच्यांत नाही, हे त्यांनी आधी वहीत लिहायचं, मगच हात लावायचा. चुंबकाने कीस, हलक्या तापाने कापूर, पाण्यात विरघळवून मीठ, गाळणकागदावर वाळू. कापूर पेट घेतो, म्हणून ज्योत लहान ठेव आणि वर उलटं नरसाळं. पुस्तकं अनेकदा इथे नवसागर देतात. दिसायला तोही थेट वाफ होऊन वर जमतो, पण खरं तर तापल्यावर तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड यांत फुटतो आणि थंड जागी पुन्हा जुळतो. म्हणजे मधे रासायनिक बदल आला. संप्लवन शुद्ध रूपात दाखवायचं तर कापूर बरा.

काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळणकागदावर काढून कागदाची कड पाण्यात बुडवायची, हा प्रयोगही कर. काळ्यातून निळा, लाल, पिवळा सुटे होऊन वर चढतात. तयारी शून्य आणि आठवण पक्की.

आणि मिठागराची गोष्ट सांगायला विसरू नकोस. पेण, उरण, वसईकडे समुद्राचं पाणी वाफ्यावाफ्यांतून आटवत नेतात. चुन्याचे क्षार आधी तळाला बसतात, मग मीठ धरतं, आणि शेवटच्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार राहतात. त्यातले थोडे मिठाबरोबर येतातच. पावसाळ्यात घरातलं खडेमीठ पाझरतं ते त्यातल्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे, तो हवेतला ओलावा ओढतो. ‘मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड’ हे रसायनशास्त्रात खरं, पण बरणीतलं खडेमीठ हे मिश्रण आहे.

७. चुन्याचा इतिहास सांग

मूलद्रव्यांची यादी आयती आकाशातून पडली, असं मुलांना वाटतं. भिंतीवरच्या तक्त्यात ११८ चौकटी आहेत, शेवटच्या चारांची नावं २०१६ मध्ये पक्की झाली. पण १७८९ मध्ये आंत्वान लाव्हाझिए यांनी पॅरिसमध्ये जी यादी छापली त्यात ३३ नावं होती. त्यात ऑक्सिजन, गंधक, सोनं होतं, प्रकाश आणि उष्णताही होती, आणि चुनाही होता. चुना त्यांना फोडता आला नव्हता. चुनखडी भट्टीत भाजली की शंभर किलोमागे ५६ किलो कळीचा चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, एवढं भट्टीच्या तापाने होतं. त्या चुन्याला आणखी कितीही भाजलं तरी तो चुनाच. लाव्हाझिए यांना चुन्यात एखादा धातू दडलेला असावा असा संशय होता, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. १८०८ मध्ये लंडनला हम्फ्री डेव्ही यांनी पाऱ्याच्या मदतीने विजेचा प्रवाह वापरून त्यातून कॅल्शियम वेगळं केलं आणि चुना मूलद्रव्यांच्या यादीतून बाहेर पडला.

ही गोष्ट सांगितलीस की ‘मूलद्रव्य’ या व्याख्येतला ‘आणखी साध्या पदार्थांत विघटन होत नाही’ हा भाग मुलांना नुसता पाठ करावा लागत नाही. कुणीतरी फोडायचा प्रयत्न केला, हरला, दुसऱ्याने नवं साधन आणलं, तेव्हा ते ठरलं.

८. सूत्राशी खेळायला शिकव, पण जपून

इथे तीन ठेचा ठरलेल्या. पहिली: ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू आहेत म्हणून मुलं त्याला संयुग म्हणतात. त्यांना अणू किती ते मोजू देऊ नकोस, किती प्रकारचे ते मोजायला सांग. ओझोनमध्ये तीन, गंधकाच्या रेणूत आठ, पण सगळे एकाच प्रकारचे, म्हणून मूलद्रव्य. हिरा आणि ग्राफाइट दोन्ही नुसता कार्बन.

दुसरी: इंग्रजी अक्षरांची. मोठा सी आणि छोटा ओ लिहिलं तर कोबाल्ट, हे मूलद्रव्य. दोन्ही मोठी लिहिली तर कार्बन मोनॉक्साइड, हे संयुग आणि जीवघेणं. अक्षराच्या आकाराला गुण काप, दया करू नकोस.

तिसरी: ‘मिठाचा रेणू’ असं बोलू नकोस. मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोरीनचे आयन एकाआड एक रचलेले असतात, तिथे सुटा रेणू नसतो. आठवीत आयन शिकवायची घाई नाही, पण चुकीचा शब्द रुजवू नकोस. मिश्रणाला रेणुसूत्र नसतं हेही एकदा विचारून घे: ‘हवेचं सूत्र काय?’ निम्मा वर्ग काहीतरी लिहीलच.

९. भेळ चालेल, लाडू नको

‘भेळ म्हणजे मिश्रण, लाडू म्हणजे संयुग’ ही उपमा शिक्षकांत फार चालते. भेळेबद्दल तक्रार नाही. लाडवाबद्दल आहे. साखर, तूप, बेसन हवं तसं कमीजास्त करून लाडू वळता येतो, साखरेचा गोडवा तसाच राहतो, तूप ताटलीला तसंच लागतं. म्हणजे लाडूही मिश्रणच. एकत्र चिकटलं म्हणजे संयुग झालं, ही समजूत या एका उपमेने मुलांच्या डोक्यात बसते आणि मग पितळ संयुग होतं. संयुग दाखवायचं तर नुसती साखरच हातात घे. चमच्यात साखर तापवून काळी कर: पांढऱ्या, गोड साखरेत काळा, बेचव कार्बन होता हे नाकाला आणि डोळ्याला कळतं.

१०. तक्ता शेवटी, गुण पुराव्याला

फरकाचा तक्ता फळ्यावर लिहायचाच आहे, परीक्षेत तो येतोच. पण तो धड्याच्या शेवटच्या दिवशी लिही आणि प्रत्येक ओळीचं उदाहरण मुलांकडून घे, पुस्तकातलं नको.

चाचणीत टेबलावर सहा वस्तू मांड: पितळेची वाटी, गंधकाचा खडा, मोरचूद, बोअरचं पाणी, अॅल्युमिनियमची तार, पेन्सिलीचं शिसं. उत्तरपत्रिकेत दोन रकाने ठेव: ‘कोण’ आणि ‘कशावरून’. पेन्सिलीपाशी बरीच मुलं अडतील. ग्राफाइट असं लिहून मूलद्रव्य म्हणतील. पेन्सिलीच्या शिशात ग्राफाइटबरोबर माती असते, आणि माती जास्त घातली की पेन्सिल कडक होते, कमी घातली की मऊ. प्रमाण बदलतं, म्हणून मिश्रण. हे एखाद्याने एचबी आणि टूबीच्या फरकावरून ओळखलं तर त्याचं नाव वर्गात घे.

गुण देताना पहिल्या रकान्याला कमी दे, दुसऱ्याला जास्त. उत्तर चुकलं पण तपासायची रीत बरोबर सांगितली, तर त्या मुलाचे गुण कापू नकोस. उत्तर बरोबर आणि दुसरा रकाना कोरा असेल तर पूर्ण गुण देऊ नकोस, मग पालक भांडायला आले तरी चालेल. पहिल्या चाचणीला कुरकुर होईल. दुसऱ्या चाचणीपासून मुलं वस्तू उचलून, वास घेऊन, चुंबक मागून, वजनकाटा मागून लिहू लागतील. तेवढं झालं की समज, धडा शिकवून झाला.